बोलता बोलता अडलेली सुनीती

कर्जतच्या दहिवलीत टिपणीसांचं औषधाचं दुकान कुठे म्हणून विचारलं, तर लोक आधी विचारायचे, "सुनीतीताईंचं का?" दुकान खरं तर मधू टिपणीसचं. फार्मसीची पदवी त्याची, परवाना त्याच्या नावाचा. पण लग्न होऊन कर्जतला आल्यापासून सुनीती रोज दुकानात बसत आली होती आणि गिऱ्हाइकांना गोळीआधी तिच्या बोलण्यानेच बरं वाटतं, असं मधू गमतीत म्हणायचा. ती बोलायचीही भरपूर. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या गुडघ्याला कुठलं तेल चाललं, सगळं तिला विचारायचं. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस पाच मिनिटं टेकून जायचा. "काही होत नाही, घाबरू नका," हे वाक्य तिच्या तोंडून दिवसभरात किती वेळा जाई, याचा हिशेब तिनेही कधी ठेवला नव्हता.

ती त्रेपन्न वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. चैत्र चालू होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या तिच्या एकुलत्या मुलीचा, तनयाचा, दुपारी फोन आला. तिला आंबेडाळ करायची होती.

"आई, हरभऱ्याची डाळ किती वेळ भिजवू?"

सुनीतीला सांगायचं होतं, चार तास. शब्द डोक्यात अगदी स्वच्छ उभा होता. तिने तोंड उघडलं. जीभ जागची हलली नाही. पुन्हा जोर केला तर घशातून नुसता श्वास बाहेर पडला.

"हॅलो? आई? रेंज गेली वाटतं," असं म्हणून तनयाने फोन ठेवला.

सुनीती फोन खाली ठेवायला गेली, तर उजव्या हाताची बोटं त्याच्याभोवती आवळलेली, सुटेनात. ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. समोर कुकर होता, त्याची शिट्टी झाली, तीही तिला ऐकू आली. सगळं कळत होतं, दिसत होतं, फक्त आतून बाहेर जायची वाट कोणीतरी बंद केली होती. मग बोटं आपसूक सैल झाली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात ती मोठ्याने म्हणाली, "चार तास." स्वतःचाच आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी दुकानात तिने स्वतःचं ब्लडप्रेशर मोजलं. ते ठीक होतं. साखर पाहिली, तीही ठीक. काहीतरी बिघडलेलं निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मधूला तिने काही सांगितलं नाही. उन्हाळा आहे, पाणी कमी पडलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पुढच्या दोन महिन्यांत ते आणखी काही वेळा झालं. एकदा देवापुढे आरती म्हणताना, एकदा भाजीवाल्याशी बोलताना. दर वेळी तसंच. आधी उजव्या पायाच्या बोटांत मुंग्या, मग हात कडक, मग वाचा बंद. एखादं मिनिट, आणि मग सगळं पूर्वीसारखं. आपल्याला लकवा होणार, असं तिने मनात पक्कं धरलं. दुकानात लकव्याची माणसं येत. त्यांच्या तोंडाकडे ती आता चोरून बघायची.

शेवटी चारचौघांतच ते उघड झालं. खोपोलीला मधूच्या मामेभावाच्या घरी मुंज होती. मातृभोजनाच्या वेळी सुनीती वाढायला उभी राहिली आणि तिचा उजवा पाय आपोआप झटके द्यायला लागला. ती पायाकडे बघत राहिली. झटके मांडीत आले, मग कमरेत, मग दंडात. हातातलं पातेलं पडताना तिने पाहिलं. त्यानंतरचं तिला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ती जमिनीवर आडवी होती, नाकाशी कोणीतरी फोडलेला कांदा धरला होता, जीभ चावली गेली होती आणि बायकांच्या गर्दीत मधूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग पनवेलला एमआरआय झाला आणि तिथून नवी मुंबईच्या एका हॉस्पिटलात, मेंदूच्या सर्जन डॉक्टर रेगे यांच्यासमोर दोघं जाऊन बसली. रेगे चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. राखाडी मेंदूच्या मधोमध, जरा डावीकडे, पांढरा गोळा होता. कोणाला दाखवून द्यायची गरजच नव्हती.

"याला मेनिन्जिओमा म्हणतात," रेगे म्हणाल्या. "ही मेंदूच्या आतली गाठ नाही. मेंदूवर जे आवरण असतं, त्यातून ही उगवते आणि मेंदूला बाहेरून दाबते. मोठ्या लिंबाएवढी आहे. दिसते त्यावरून कॅन्सरची वाटत नाही. फार सावकाश वाढणारी असते. दहा-बारा वर्षं तरी असेल डोक्यात."

"दहा-बारा वर्षं?" सुनीतीने विचारलं.

"असू शकेल."

पुढचं थोडा वेळ तिला ऐकूच आलं नाही. तनयाच्या दहावीच्या वर्षी ती होती. सासूबाई गेल्या तेव्हा होती. तिघं मिळून कोकणात फिरायला गेले, समुद्रात पाय बुडवून हसत उभे राहिले, त्या फोटोतही ती होती. आपल्या सगळ्या चांगल्या दिवसांत कोणीतरी परकं आपल्याबरोबर गुपचूप बसलेलं होतं.

मधू विचारत होता, "काढावी लागेल ना?"

"हो. आजूबाजूला सूज आहे, फिट येताहेत. उद्याच्या उद्या करायला हवं असं नाही, पण फार लांबवू नका." मग रेगे सुनीतीकडे वळल्या. "मी तुम्हाला आधीच सगळं सांगते. ही जिथे आहे, तिथून बोलायला सुरुवात करण्याचा हुकूम निघतो. ऑपरेशननंतर काही दिवस तुमचं बोलणं पूर्ण बंद होऊ शकतं. उजवा हात-पाय जड पडू शकतो. मग हळूहळू परत येतं."

"सगळं येतं?"

"बहुतेक येतं."

त्यांनी आणखी एक सांगितलं. डोक्याच्या मधोमध एक मोठी रक्तवाहिनी जाते, तिच्या भिंतीला गाठ चिकटली होती. तिथला तुकडा त्या ओढून काढणार नव्हत्या. तो राहिला तर राहू द्यायचा आणि दरवर्षी त्याच्यावर नजर ठेवायची.

परतताना गाडीत सुनीतीने त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा कागद उघडला आणि पहिलंच नाव वाचून ती थांबली. ही गोळी ती वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने देत आली होती. डोंगराकडच्या ठाकरवाडीतली भागी दर महिन्याला हीच गोळी न्यायला येई. फिटची गोळी. भागीला ती पट्टी कागदात गुंडाळून देताना सुनीती म्हणायची, "चुकवायची नाही हं, काही होत नाही." त्या "काही होत नाही"ची आता तिला लाज वाटली.

गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. मग सुनीतीने दिवस ढकलायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग तिने घट्ट धरला होता, उद्याच्या उद्या करायला हवं असं नाही. आषाढात म्हणाली, पावसात जाण्या-येण्याचे हाल होतील. श्रावणात म्हणाली, सण होऊ देत. गणपतीनंतर बघू, मग दिवाळीनंतर बघू. मधू जोर करायचा नाही. तनया फोनवर रडायची, रागवायची, आणि सुनीती तिला तेच म्हणायची, घाबरू नकोस.

खरं तर घाबरून तिचं पाणी पाणी होत होतं. भाजी चिरता चिरता ती मध्येच एखादा शब्द मोठ्याने म्हणून बघायची. कोथिंबीर. पातेलं. तनया. आला की पुढे चिरायची. कवटी कापायचं यंत्र कसं असेल, याचा विचार ती आंघोळीच्या वेळी करी, कारण डोक्यावर पाणी घेताना हात तिथेच जाई. मरणाचं तिला एवढं वाटत नव्हतं. आपण जगू, डोळे उघडे असतील, माणसं येऊन बोलतील आणि आपल्याला उत्तर देता येणार नाही, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. "बहुतेक" या शब्दाच्या बाहेर जी थोडी माणसं उरतात, त्यांत आपण असणार, याची तिला खात्री वाटत होती.

भाद्रपदात मुंग्या परत सुरू झाल्या. पुन्हा ते वाचा जाणंही. तिने ते लपवलं. मधू जवळ असला आणि पायात मुंग्या आल्या, की ती काहीतरी आणायच्या निमित्ताने मागच्या खोलीत जाई आणि खोक्यांच्या आड उभी राहून ते सरायची वाट बघे.

एके संध्याकाळी तिला उठून जाता आलं नाही. दुकानात गर्दी होती. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले भिवाजीमामा साखरेची गोळी न्यायला आले होते. मधू दोन-तीन गिऱ्हाइकांना एकदम देत होता. त्याने खणातून पट्टी काढली, पुडीत घातली आणि मामांच्या हातात दिली. सुनीतीने पाहिलं, पट्टी त्याच कंपनीची होती, त्याच रंगाची, पण ताकद चौपट. खणात शेजारी शेजारी ठेवलेल्या त्या पट्ट्या वेगळ्या ठेवा, असं तीच मधूला सांगत आली होती. मामा एकटे राहत. रात्री जेवणाआधी ती गोळी घेतली असती, तर साखर इतकी उतरली असती की सकाळी ते उठलेच नसते.

तिने "मामा" म्हणायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

मामा छत्री उचलत होते. मधू पुढच्या माणसाकडे वळला होता. सुनीतीचा उजवा हात काउंटरवर मूठ वळून पडला होता, लाकडासारखा. मामा पायरी उतरायला लागले. तिने डाव्या हाताने हाताला लागलं ते ढकललं. पेपरमिंटच्या गोळ्यांची मोठी काचेची बरणी काउंटरवरून खाली आपटली आणि रस्त्यापर्यंत काचा गेल्या.

सगळे वळले. मामाही वळले आणि "लागलं का हो?" म्हणत परत वर आले. मधू धावला. सुनीती त्याच्याकडे बघत नव्हती. ती मामांच्या हातातल्या पुडीकडे बघत होती, डोळे फाडून, आणि डाव्या हाताने तिकडे दाखवत होती. मधूला काही कळेना. अखेर तिची जीभ सुटली.

"पट्टी," ती म्हणाली. "ती पट्टी बघा."

मधूने पुडी उघडली. त्याने ती पट्टी बदलून दिली, मामांची माफी मागितली, गिऱ्हाइकं संपवली, आणि अर्धं शटर ओढून तिच्या पुढ्यात स्टुलावर येऊन बसला.

"किती दिवस चाललंय हे?"

"परत सुरू झालं. गणपतीपासून."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, चल, करून टाकू."

"नसतो म्हणालो," मधू म्हणाला. "तू दिवाळीनंतर म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं, सुनीती. मलाही नको होतं. तुला आत घेऊन जातील आणि मी बाहेर बसणार, याचीच मला धडकी भरलीय."

तीस वर्षांच्या संसारात तो असं कधी बोलला नव्हता. सुनीतीने फरशीवरच्या काचांकडे पाहिलं. आज मामा वाचले. उद्या ती गॅससमोर असेल, रस्ता ओलांडत असेल, आणि ढकलायला हाताशी बरणी असेलच असं नाही. "फोन करा रेगेबाईंना," ती म्हणाली.

दसऱ्यानंतरची तारीख मिळाली. त्याच्या आदल्या आठवड्यात भागी गोळ्या न्यायला आली. बाजारात रानभाजी विकून झाली की ती पाटी पायरीवर ठेवून दुकानात यायची. डावा पाय किंचित ओढत चालायची. सुनीतीने पट्टी कागदात गुंडाळली आणि नेहमीचं वाक्य म्हणता म्हणता ती थांबली.

"भागी, तुझ्या डोक्याचं ऑपरेशन कसलं झालं होतं गं?"

"गाठ व्हती. बाहेरच्या कातड्याची म्हनले, मेंदूची नाय. मुंबयला सरकारी दवाखान्यात काढली."

एवढी वर्षं भागी तिच्याकडे येत होती आणि हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने काउंटरची फळी उचलून भागीला आत घेतलं, मागच्या खोलीत बसवलं.

"मलाही तीच आहे," ती म्हणाली. घराबाहेरच्या माणसाला तिने हे पहिल्यांदाच सांगितलं.

भागीने लगेच विचारलं, "कदी काढनार?"

"येत्या सोमवारी. तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. मला आत नेत व्हते तवा मी गाडीवरून उतरून पळाले व्हते. गोमानं, माझ्या नवऱ्यानं, दारात धरली. तो पन रडं, मी पन रडं." ती सांगताना हसली नाही. "आन आता पन वाटते. पायाला जरा कळ आली का वाटते, आली परत."

"मग करतेस काय?"

"काय करनार? भाजी खुडायला जायाचाच हाय. भीती घेऊन जाते."

भागीने आपणहून केस बाजूला केले आणि डोकं खाली वाकवलं. सुनीतीने बोट लावलं. व्रण गुळगुळीत होता, पण त्याच्याखाली हाडात लहान लहान खळगे लागत होते. तरी तिने बोट काढलं नाही. कानापासून माथ्यापर्यंत सावकाश नेलं. आपल्यालाही असंच लागणार, असंच कोणीतरी हात लावून बघणार, असं ती मनाशी म्हणत होती.

सोमवारी सकाळी तिला आत नेलं. दारापाशी तिने तनयाला सगळं सांगून ठेवायचं ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, "बाबांना वेळेवर जेवायला घाल." मग छतावरचे दिवे मागे मागे सरकायला लागले आणि तिने डोळे मिटून घेतले.

जागी झाली तेव्हा सकाळ होती. खिडकीतून ऊन येत होतं. डॉक्टर रेगे पायाशी उभ्या होत्या.

"सुनीतीताई, तुमचं नाव सांगा."

तिला नाव माहीत होतं. ते आलं नाही. तिला वाटलं, नेहमीचंच आहे हे, एका मिनिटात सुटेल. ती थांबली. एक मिनिट गेलं. आणखी गेलं. उजवा हात चादरीवर पडला होता, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. मधू वाकून तिच्याशी बोलत होता, तनया तिचे केस सारखे करत होती, आणि वाट बंदच होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ज्या गोष्टीला ती इतके महिने घाबरली होती, त्याच गोष्टीत ती आता सापडली होती.

रेगेंनी दोघांना समजावलं, हे अपेक्षित आहे, गाठ बरीचशी निघाली आहे, आठवडा-दोन आठवडे धीर धरा. सुनीती ऐकत होती. तिला विचारायचं होतं, आणि तेवढ्यात नाही आलं तर?

चार-पाच दिवस तिने एक अक्षर उच्चारलं नाही. कोणी काही विचारलं की ती बघत राही. आणि विचित्र असं की बोलायची इच्छासुद्धा दूर कुठेतरी पडल्यासारखी वाटे, जणू ती विहिरीच्या तळाशी बसली आहे आणि वर माणसं वाकून हाका मारताहेत. ते तिला सगळ्यात भयानक वाटलं. आपण बोलणं विसरलो नाही, आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतंय, असं तिला वाटलं आणि ती मनातल्या मनात एकेक नाव घोकत राहिली.

मग एका दुपारी नर्सने पेजेचा चमचा तोंडाशी धरला आणि सुनीती म्हणाली, "नको."

तनया खुर्चीवरून उठलीच. "आई, काय म्हणालीस? परत म्हण."

"नको."

आनंदाने तनयाने बाबांना फोन लावला. पण संध्याकाळपर्यंत कळलं, की नको एवढंच येतंय. दुखतंय का? नको. पाणी देऊ? नको. पाणी हवं असायचं, तिची जीभ कोरडी पडलेली असायची, आणि तोंडातून तेच बाहेर यायचं. तिने डाव्या हाताने पेला ओढून घेतला, मधूकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाली, "नको." मधूला हसू आलं आणि त्या हसण्यातच तो रडायला लागला. सुनीती पेला धरून बसली. उरलेलं आयुष्य आपण एवढ्या एका शब्दावर काढणार का?

तसं झालं नाही. बोलणं शिकवायला एक तरुण बाई येत. त्यांनी एकदा विचारलं, "हे कोण?" आणि मधूकडे बोट दाखवलं. सुनीती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मधू." लग्नापासून तिने नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. मधू चपापून मागे बघायला लागला. मग रोज थोडे थोडे शब्द येत गेले, आधी नावं, मग तुटकी वाक्यं, मग चिडचिड, मग तक्रारी. तक्रारी ऐकून रेगे म्हणाल्या, आता घरी न्या.

गाठ कॅन्सरची नाही, सावकाश वाढणाऱ्यांपैकीच आहे, असं तपासणीत आलं. मोठ्या रक्तवाहिनीपाशी तांदळाएवढा तुकडा राहिला होता.

त्या तुकड्यासकट सुनीती आता जगते. माघात ती दुकानात परत बसायला लागली. संध्याकाळी थकली की शब्द चुकतो, खोकल्याला पोट म्हणते, आणि गिऱ्हाईक गोंधळलं की ती मधूकडे बघते. उजव्या पायाचा अंगठा उंबऱ्याला ठेचतो. फिटच्या गोळीने पहिले काही महिने ती इतकी संतापायची की मधूवर भांडं फेकून झालं, मग रेगेंनी गोळी बदलली. न्हाणीघराची कडी ती आतून लावत नाही. भरल्या नदीकडे एकटी जात नाही. "घाबरू नका" हे मात्र ती गिऱ्हाइकांना म्हणेनाशी झाली आहे. "भीती वाटतेय का?" असं विचारते, आणि माणसं मग बोलायला लागतात.

दरवर्षी तपासणीची तारीख जवळ आली की तिची झोप जाते, जेवण जात नाही. यंदा दुसऱ्या वर्षी रेगे म्हणाल्या, तुकडा तेवढाच आहे, वाढला तर किरण देऊन थांबवता येतो, पुढच्या वर्षी या. मधूने गाडीत बसताच तनयाला फोन केला. सुनीतीला हलकं हलकं वाटलं. ते जेमतेम लोधिवलीपर्यंत टिकलं. चौकला कर्जतकडे वळताना तिच्या मनात आलं, आणखी एक वर्ष, आणि मग पुन्हा.

ही बातमी तिने भागीला सांगितली, तेव्हा भागी पाटीतली टाकळ्याची जुडी सोडून पुन्हा बांधत होती. ऑपरेशननंतर पहिलं वर्ष सोडलं तर भागीने डोक्याचा फोटो काढला नव्हता. सुनीतीने पूर्वी दोनदा सुचवलं होतं, आणि भागी म्हणाली होती, कळून काय करू. मग सुनीतीने पुन्हा विषय काढला नव्हता.

"तुमचा तेवढाच हाय म्हनता," भागी म्हणाली. तिने जुडीचा दोरा घट्ट ओढला. "त्या मशिनीत लई आवाज होतो ना?"

"होतो. ठोकल्यासारखा. कान झाकतात तरी येतो. मी तनयाचं नाव घेत पडून राहते."

"तुमी याल का संगती?"

सुनीती हो म्हणाली.

पनवेलला तपासणीच्या खोलीबाहेर भागीने अंगावरचं एकेक काढून तिच्या ओंजळीत दिलं. गळ्यातली मण्यांची माळ, मंगळसूत्र, कानातलं. पायातली जोडवी निघेनात, तिथे बसून दोघींनी साबण लावून ती ओढून काढली. गोमा भिंतीला टेकून उभा होता, जमिनीकडे बघत. आत जाताना भागीचा डावा पाय उंबऱ्याशी अडखळला. तिने मागे वळून पाहिलं नाही. दार लागलं.

भागीच्या डोक्यात नवीन काही नव्हतं, हे दोन दिवसांनी कळणार होतं. त्या घडीला ते कोणालाच माहीत नव्हतं. आतून यंत्राची ठोक सुरू झाली. तो आवाज सुनीतीने नेहमी आतून ऐकला होता, आज पहिल्यांदा बाहेर बसून ऐकत होती, आणि बाहेरून तो तिला जास्तच भीतिदायक वाटला. ओंजळीतल्या जोडव्यांवर अजून साबण होता. गोमा तिच्या शेजारी येऊन बाकावर बसला.

"किती येळ लागंल, ताई?" त्याने विचारलं.

"लागेल जरा," सुनीती म्हणाली.